वरच्या गावचे प्रधानजी

शाळेची घंटा कानावर पडली की प्रधानजी असतील तिथे थांबत. कुणी महत्त्वाचं बोलत असलं तरी हाताने त्याला थोपवत. प्रार्थना संपून वर्गावर्गातून हजेरी सुरू झाली की मान किंचित कलती करून ऐकत राहत, आणि शेवटच्या मुलीचं ‘उपस्थित’ ऐकल्याखेरीज पुढे पाऊल टाकत नसत. लखनौच्या नरही भागात मी शिकवत होते त्या मुलींच्या शाळेच्या फाटकाशी हा प्रकार मला कळण्याआधी कित्येक दिवस चालू होता.

मला तो चौकीदाराने सांगितला. “मैडम, एक बुज़ुर्ग रोज़ फाटक पर खड़े हो जाते हैं. हाथ में कुछ घुमाते रहते हैं.” मुलींची शाळा, फाटकाशी अनोळखी पुरुष आणि वर हातात काहीतरी फिरवतोय म्हटल्यावर माझं सांगलीचं रक्त तापलं. ह्यांची बँकेत बदली झाली म्हणून नुकतेच कुठे आम्ही लखनौला आलो होतो. इथल्या लोकांसारखं अदबीने भांडायला मी अजून शिकले नव्हते. तरातरा फाटकाशी गेले आणि विचारलं, “आप रोज इधर क्यों खड़े रहते हैं? क्या काम है आपका?”

समोर बुटका, लालसर गालांचा, साठीकडे झुकलेला माणूस. अंगात जाड लोकरीचा करडा कोट, डोक्यावर टोपी, मनगटाला लोकरीचा पेळू गुंडाळलेला आणि बोटांखाली लाकडी टकळी गरगरतेय. टकळी न थांबवताच ते म्हणाले, “विधायक ठैरा, बैणी. पर घबराओ मत, काम कुछ नहीं है मेरा.”

माझा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. लखनौत आमदार म्हणजे पांढरी अ‍ॅम्बॅसेडर, शेजारी बंदूकवाला आणि मागेपुढे ‘भैयाजी, भैयाजी’ करणारा लवाजमा. हा माणूस तर पायी लोकर कातत निघालेला. शेवटी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून विधानसभेचा पास काढून दाखवला, चौकीदाराने खटकन सलाम ठोकला आणि मी ओशाळून त्यांना आत चहाला बोलावलं.

चहा पिताना मी विचारलं, रोज काय ऐकता एवढं? ते म्हणाले, “हमारे यहाँ घंटी है. यह आवाज़ नहीं है.” कसला आवाज, मला समजेना. “यही. मास्टर नाम ले, और बच्चा वहीं बैठा मिले.” एवढं बोलून त्यांनी बशीत राहिलेला चहा संपवला आणि अधिवेशनाला उशीर होतोय म्हणून उठले.

नाव उमेदसिंह. उत्तर प्रदेशातून पहाड तेव्हा वेगळा निघालेला नव्हता, आणि तिबेटच्या बाजूच्या एका उंच दरीतून ते अपक्ष निवडून आले होते. आधी गावचे प्रधान होते. प्रधान म्हणजे आपल्याकडचा सरपंच. दरीतली माणसं त्यांना प्रधानजीच म्हणत आणि त्यांनाही तेच आवडे. “विधायक तो सरकार ने बनाया. प्रधान घर का नाम ठैरा,” असं म्हणत; ‘आहे’च्या जागी ‘ठैरा’ ही त्यांची पहाडी बोली. मला ते पहिल्या दिवसापासून बैणी म्हणाले. त्यांच्याकडे धाकट्या बहिणीला तसं म्हणतात. माझा सख्खा भाऊ मला एवढ्या मायेने हाक मारत नसे.

त्यांच्या गावाची गंमत समजायला मला बरेच दिवस लागले, कारण गाव एक आणि जागा दोन. उन्हाळा लागला की मेंढ्या, पोरंबाळं, भांडीकुंडी घेऊन सगळे वर रिंगधारला चढायचे. तिथे त्यांची खरी घरं, शेतं, देऊळ. शरदात थंडी उतरू लागली की देवळाचं दार समारंभाने बंद करायचं आणि अख्ख्या गावाने खाली तलाखेतला यायचं. एकदा दार लागलं की वसंतापर्यंत वर चूल पेटवायची नाही, तिथून धूर निघता कामा नये, असा त्यांचा रिवाज. तेवढे महिने वरचं गाव देवाचं. आजारी माणूस असला तर त्यालाही पाठीवर घेऊन खाली आणत.

शाळा होती ती खालच्या गावात. सरकारी शाळेचं वर्ष मैदानी प्रदेशाच्या सोयीचं. जुलैत वर्ग भरत तेव्हा मुलं वर कुरणात. ती खाली येत तोवर निम्मा अभ्यास होऊन गेलेला, आणि परीक्षा तोंडावर आली की गाव निघालं पुन्हा वर. एकेक पोर वर्षानुवर्षं दुसरीतच. शाळा तपासायला साहेब यायचे ते रस्ते कोरडे असताना, म्हणजे नेमकं गाव वर असताना. शेरा ठरलेला: विद्यार्थी नाहीत.

कोर्टाचंही तेच. जंगलात मेंढ्या चारल्या म्हणून वनखात्याने भरलेले खटले असत. त्यांच्या तारखा पडत उन्हाळ्यात, तहसिलीच्या गावी. तारखेची खबर वर पोचेपर्यंत तारीख उलटलेली असे, मग वॉरंट निघे, आणि शरदात खाली उतरणारा मेंढपाळ सरळ हवालातीत जाई. प्रधानजी म्हणत, “भेड़ को तारीख़ समझ नहीं आती हो बैणी, और मजिस्ट्रेट को भेड़.” हे वाक्य त्यांनी विधानसभेत म्हटलं तेव्हा हशा पिकला होता म्हणे. वर्तमानपत्रांनी हशा छापला. खटले होते तसेच राहिले.

त्यांना दारुलशफाच्या आमदार निवासात खोली होती. ती खोली म्हणजे त्यांच्या दरीची धर्मशाळा. कुणी डोळे दाखवायला आलेला, कुणी अपील करायला, कुणी नुसताच प्रधानजी काय करतात ते बघायला. प्रधानजी स्वतः कोपऱ्यात सतरंजीवर, हातात टकळी. पाट्यावर वाटलेलं मिरची-लसणीचं पहाडी मीठ एका डब्यात कायम भरलेलं असे, आणि हिवाळ्यात येणाऱ्याच्या हातावर लखनौचा पेरू आणि ते मीठ पडल्याशिवाय बोलणं सुरू होत नसे. मी एकदा ज्वारीची भाकरी आणि ठेचा नेला. त्यांनी भाकरी उलटून पालटून पाहिली, एक घास खाल्ला आणि खोलीतल्या सगळ्यांना जाहीर केलं, “यह हमारे मडुवे की बहन है.” मडुवा म्हणजे आपली नाचणी. त्यानंतर भाकरी न नेता गेले तर ते मला दारातच विचारत, बहीण कुठाय?

टकळीवरून विधानसभेत एकदा मोठा प्रसंग झाला. अर्थसंकल्पावर कुणीतरी तासभर बोलत होतं आणि हे बाकावर शांतपणे लोकर कातत बसले होते. मार्शल आले आणि म्हणाले, टोकदार वस्तू सभागृहात आणता येत नाही. प्रधानजींनी टकळी निमूट काढून दिली, पण जाता जाता त्यांना म्हणाले, “ले जाओ. पर हाथ ख़ाली हो तो मुँह ज़्यादा चलता है. नुक़सान आप ही लोगों का ठैरा.” आणि त्या दिवशी त्यांनी खरोखरच चार वेळा उठून हरकती घेतल्या.

मी मुलींना घेऊन प्रेक्षक गॅलरीत गेले होते तेव्हा त्यांचं भाषण ऐकलं. अपक्षाला वेळ मिळतो तो उरलासुरला. जेवणाची वेळ झाली होती, बाकं निम्मी रिकामी झाली होती, मंत्री शेजाऱ्याशी बोलत होते. प्रधानजी उभे राहिले आणि आवाज न चढवता म्हणाले, “अध्यक्ष महोदय, हमारा गाँव चलता है. मेरी माँग इतनी है कि स्कूल भी साथ चले. एक मास्टर, एक तख़्ता, एक घंटी. हमारा खच्चर ढो देगा, सरकार से किराया नहीं लेंगे.” मंत्र्यांनी उत्तर दिलं की सूचना विचाराधीन आहे. गॅलरीतून उतरताना एका मुलीने मला विचारलं, मॅडम, ते खेचराचं खरंच म्हणत होते का? मी म्हटलं, त्या सगळ्या सभागृहात खरं बोलणारे तेवढेच होते. शिक्षिकेने असं बोलू नये, पण बोलून गेले.

रविवारी ते आमच्या तेलीबागेच्या घरी येत. टेम्पोतून उतरून लोकर कातत गल्लीतून येताना दिसले की माझी मुलगी ओरडायची, “मम्मी, ऊनवाले नानाजी आ गए!” ऊन म्हणजे तिच्या हिंदीत लोकर. तिच्याशी मी मराठीत बोलायची आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. प्रधानजींना त्याची मौज वाटे. म्हणत, हिला दोन्ही घरं आहेत, वरचं आणि खालचं.

एकदा बोलता बोलता मी त्यांना आमच्याकडच्या ऊसतोडीबद्दल सांगितलं. हंगाम आला की दुष्काळी भागातली माणसं बैलगाडीत संसार घालून कारखान्यांवर येतात, पोरं बरोबर असतात, गावातली शाळा सुटते आणि फडात शाळा नसते. लहानपणी आमच्या गावाबाहेर त्यांच्या खोपी मी पाहिल्या होत्या. ऐकता ऐकता प्रधानजींची टकळी थांबली. “तो आपके यहाँ भी लोग चलते हैं!” म्हणाले. मग त्यांनी मला खोदून खोदून विचारलं, कुठे कुणी कारखान्यावर शाळा काढली आहे का, मास्तर कोण असतो, पुस्तकं कुठून येतात. मी माझ्या वडिलांकडून विचारून घेऊन सांगितलं की काही भल्या माणसांनी तसे वर्ग चालवले आहेत. पुढच्या अधिवेशनात त्यांनी ते ठणकावून मांडलं. सांगलीचा उच्चार त्यांनी असा काही केला की ते गाव चीनमध्ये असावं असं वाटलं. पण चालत्या माणसांची पोरं दुसऱ्या राज्यातही आहेत हे कळल्याने त्यांना एवढा हुरूप आला होता की मी काही बोलले नाही.

अखेर खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्याने समजावून सांगितलं की शिक्षकाचं पद एका गावावर मंजूर होतं, दोन गावांमध्ये हिंडणारं पद कुठल्याच नियमात बसत नाही. वरच्या गावाला स्वतंत्र शाळा मात्र मिळू शकेल, पण सरकारी नोंदीत ते गाव वस्तीचं नाही, कारण नोंदणीवाले हिवाळ्यात जातात आणि त्यांना तिथे चिटपाखरू दिसत नाही. “आप लोगों के नाम ऊपर चढ़वा दीजिए, विधायक जी. गाँव आबाद दिखे, तो स्कूल मैं देता हूँ.”

प्रधानजींनी त्या उन्हाळ्यात लखनौचं तोंड पाहिलं नाही. वरच्या गावात घरोघर फिरून त्यांनी माणसांची नावं तलाखेतहून काढून रिंगधारला लावून घेतली. शिधापत्रिका वरची, कुटुंबाची नोंद वरची, मतदार यादी वरची. म्हाताऱ्या माणसांना ते पटत नव्हतं. खालची नावं कशाला काढायची, दोन्हीकडे राहू देत, असं त्यांचं म्हणणं. दोन्हीकडे नाव ठेवणं हा गुन्हा आहे असं प्रधानजींनी त्यांना समजावलं. ते कायदे करणाऱ्यांत बसत होते आणि कायद्यावर त्यांचा आमच्यापेक्षा जास्त विश्वास होता.

शाळा आली. दोन खोल्यांची दगडी इमारत उभी राहिली आणि मास्तर नेमला गेला, जोशी नावाचा. जोशी ऐकून मी हरखले होते, पण हे जोशी पिढ्यान् पिढ्या पहाडातलेच निघाले. हौशी तरुण, बारीक अंगाचा, दम लागला तरी कबूल न करणारा. शाळा मंजूर झाली त्या दिवशी दारुलशफाच्या त्या खोलीत आम्ही सगळ्यांनी हजरतगंजातून आणलेले पेढे खाल्ले, आणि प्रधानजींनी मास्तर होऊन एकेक नाव पुकारलं आणि एकेका मुलाच्या आवाजात ‘उपस्थित’ म्हणून दाखवलं. मी त्यांना इतकं आनंदात पुन्हा कधी पाहिलं नाही.

जोशी मास्तरांनी आणखी एक गोष्ट केली. शरदात देवळाचं दार लागून गाव खाली निघालं की तेही फळा खेचरावर लादून बरोबर निघत आणि हिवाळाभर तलाखेतला, एका गोठ्यात, तीच मुलं घेऊन बसत. तसा हुकूम त्यांना कुणी दिला नव्हता. प्रधानजींची चालती शाळा अशी खरोखर चालू लागली, फक्त कागदावर ती चालत नव्हती. आम्ही मात्र समजून बसलो की लढाई जिंकली.

मग सरकार पडलं. त्या वर्षांत लखनौत सरकारं पडणं ही काही बातमी नव्हती, पण या वेळी मध्यावधी निवडणूक लागली आणि मतदान आलं ते थंडीच्या तोंडावर. देवळाचं दार लागून गाव खाली उतरलं होतं. मतदान केंद्र होतं वरच्या गावात, नव्या शाळेत, कारण मतदार कागदावर तिथे राहत होते.

प्रधानजी धावत लखनौला आले, बरोबर जोशी मास्तर. मला शाळेला सुट्टी होती म्हणून मीही त्यांच्याबरोबर एका कचेरीत गेले. तिथल्या अधिकाऱ्याने खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग फार सौम्यपणे म्हणाला, “मतदान केंद्र तो वहीं रहेगा जहाँ मतदाता रहते हैं. और आपके मतदाता, विधायक जी, ऊपर रहते हैं. आप ही ने लिखवाया है.” यादी आता बदलता येत नव्हती. प्रधानजींनी चहा अर्धवट ठेवला. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर त्यांनी टकळी काढली, थोडी फिरवली आणि परत खिशात ठेवली.

दुपारी ते दोघे आमच्या घरी जेवायला होते. ताटं वाढली तरी कुणी जेवत नव्हतं. मास्तर म्हणाले, “दीदी, आप समझाइए. लड़के कह रहे हैं, प्रधान जी एक बार मुँह से बोल दें, पूरा गाँव वोट डालने ऊपर चढ़ जाएगा.”

“मग बोला ना!” मी मराठीतच म्हणून गेले.

त्यांना ते समजलं. माझ्याकडे बघून म्हणाले, “बोलूँगा तो चढ़ जाएँगे. इसीलिए तो नहीं बोल रहा.”

ह्यांनी व्यवहाराचं सुचवलं, फक्त तरण्या मुलांना पाठवा, तेवढी मतं पुरतील. प्रधानजी हसले. “जवान जाएँगे तो बूढ़े नीचे बैठेंगे क्या? आप हमारी बुढ़ियों को नहीं जानते. बर्फ़ में गोद का बच्चा लेकर चल देंगी, कि प्रधान को जिताना है.” आणि पुढे म्हणाले, “और किवाड़ बंद हो चुका ठैरा. मेरी कुर्सी के लिए वहाँ चूल्हा जलेगा?”

मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, कुर्सी तुमची नाही, शाळेची आहे, तुम्ही पडलात तर शाळा कोण राखणार? हे त्यांना लागलं. खाली बघत ताटातला भात नुसता चिवडत राहिले. मग इतकंच म्हणाले, “रास्ते में एक भी रह गया, तो उस स्कूल में मैं किस मुँह से खड़ा होऊँगा?”

मतदान पथक नियमाप्रमाणे वर गेलं, शाळेत मुक्काम केला, मतपेटी मांडून दिवसभर बसलं आणि रिकामी पेटी घेऊन खाली आलं. त्या हिवाळ्यात वरच्या गावातून धूर निघाला तो सरकारी चुलीचा. प्रधानजी पडले, आणि पडले ते वरच्या गावात जेवढी मतं होती त्याहून कमी फरकाने. निवडून आलेला माणूस दरीखालच्या बाजारगावचा होता. त्याला रिंगधार कुठे आहे हे माहीत असलं तरी तिथे जायचं कारण नव्हतं.

खोली सोडायला ते लखनौला आले तेव्हा मी त्यांना कैसरबागच्या बस अड्ड्यावर पोचवायला गेले. सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक घोंगडी. हल्द्वानीची बस लागायची होती. मी काहीतरी धीराचं बोलायला गेले, पुढच्या वेळी निवडून याल वगैरे. ते ऐकून घेत नव्हते. त्यांच्या मनात दुसरंच चाललं होतं.

“बैणी, ग़लती मेरी थी,” ते म्हणाले. “मैं स्कूल को चलाने निकला था. फिर साहब ने समझाया, और मैंने गाँव को ही काग़ज़ पर एक जगह बैठा दिया.” मी म्हटलं, दुसरा मार्ग कुठे होता? “नहीं था,” म्हणाले. “पर अड़ा रहना था. बूढ़े कह रहे थे. मैंने उनको क़ानून सिखाया.” असं म्हणून त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. बस आली, कंडक्टरने ट्रंक टपावर टाकली, आणि गर्दीत मला त्यांचा निरोपही धड घेता आला नाही.

त्यानंतरचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. या वेळी तपासणी नेमकी हिवाळ्यात झाली. वरची शाळा कुलपात आणि मास्तर नेमणुकीच्या जागी नाही. जोशी मास्तर खाली गोठ्यात शिकवत होते, पण त्या गोठ्यात त्यांची नेमणूक नव्हती. त्यांची बदली झाली, पद काढून घेतलं. तलाखेतची जुनी शाळाही गेली, कारण नावंच वर नेल्यावर खाली नोंदीला माणसं उरली नव्हती; ती नदीपलीकडच्या मोठ्या गावातल्या शाळेत मिळवून टाकली. पूर्वी त्या मुलांना अर्धी शाळा होती. आता वर इमारत होती आणि शाळा कुठेच नव्हती. प्रधानजी आमदार असते तर सभागृहात उभे राहून हे सांगितलं असतं, निदान जेवणाच्या वेळी, निम्म्या बाकांना तरी.

वेगळ्या पहाडी राज्याची चर्चा तेव्हा लखनौत रोज चाले. लोक म्हणत, राजधानी जवळ आली की तुमचे प्रश्न सुटतील. प्रधानजींचा एकदा निरोप आला होता, “राजधानी पास आ जाएगी, साहब ऊपर चढ़ेगा क्या?” मी त्यांना भेटायला जायचं ठरवत होते. सुट्टीत मुलीला घेऊन वरचं गाव बघायचं, देवळाचं दार उघडताना हजर राहायचं, असं आमचं बोलणं झालेलं होतं. कधी हिच्या परीक्षा, कधी ह्यांचं ऑडिट. जाणं झालं नाही, आणि याची हळहळ मला जन्मभर राहणार.

एका उन्हाळ्यात जोशी मास्तर काही कामाने लखनौला आले होते ते तेलीबागेत घर शोधत आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, प्रधानजी माघात गेले. तलाखेतला, घरातच, न्यूमोनियाने. मी कपाळाला हात लावून बसले. म्हटलं, एवढे महिने झाले, मला कुणी कळवलंसुद्धा नाही?

मास्तर म्हणाले, कळवतील कसं, सरकारनेच आत्ता आत्ता मान्य केलं. मुलगा मृत्यूची नोंद करायला गेला तर पंचायतीच्या सचिवाने सांगितलं की उमेदसिंह नावाचा माणूस तलाखेतला राहतच नाही, त्याचं नाव रिंगधारला आहे, नोंद तिथेच होईल. आणि रिंगधारला बर्फ. दाखला नाही म्हणून पेन्शनचं नाही, जमिनीचं नाही. बायको तेरावं घालून बसली आणि कागदावर नवरा जिवंत. मास्तर सांगत होते आणि मध्येच त्यांना हसू फुटलं, मलाही फुटलं, कारण ही गोष्ट दुसऱ्या कुणाची असती तर प्रधानजींनीच ती खोलीभर माणसांना पेरू खाता खाता सांगितली असती. मग दोघांचंही हसू एकदम थांबलं.

मास्तर गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि खूप रडले. गावातल्या इतरांचीही नावं वरच होती, पण ती माणसं खाली आपापल्या चुलीपाशी ऊब घेत होती. प्रधानजी कुठेच नव्हते, आणि तरी तो सगळा हिवाळा, जिथे देवाशिवाय कुणी राहत नाही त्या बंद गावात, सरकारने त्यांना जिवंत ठेवलं होतं. वैशाखात गाव वर चढलं, देवळाचं दार उघडलं, पटवारी नोंदवही घेऊन आला, आणि एकदा तेरावं घातलेल्या बायकोला त्यांचं जाणं दुसऱ्यांदा, या वेळी कागदावर अंगठा उठवून, मान्य करावं लागलं.